तिसरी पायरी: जुना प्रोग्राम काढून टाका

मित्रांनो, मी एक जुनं पान आहे आणि मला राग आलेला आहे. मी कागदाचं पान नाही. माझा कोपरा दुमडत नाही, मला वाळवी लागत नाही, माझ्यावर कोणी चहाचा कप ठेवत नाही. मी पडद्यावर उघडतो. एका प्रोग्रामच्या माहितीपुस्तकातलं मी पान. 'नवीन आवृत्ती कशी बसवावी' हे माझं नाव. नाव ऐकूनच जांभई आली ना? येऊ द्या. सगळ्यांनाच येते. ज्यांनी मला बनवलं त्यांनाही यायची, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू झाली.

आधी तो प्रोग्राम काय करतो ते सांगतो, नाहीतर माझा राग तुम्हाला कळणार नाही. काही मुलांना सगळं समजतं, खूप सांगायचंही असतं, पण तोंडातून शब्द फुटत नाही. हा प्रोग्राम त्यांच्यासाठी आहे. टॅबलेटच्या पडद्यावर चित्रांची बटणं असतात. 'पाणी'चं बटण दाबलं की टॅबलेट मोठ्याने म्हणतो, पाणी. सुरुवातीला त्यात मोजकीच बटणं येतात. बाकीची घरच्यांनी मुलाशेजारी बसून बनवायची. चित्र निवडायचं, शब्द लिहायचे, पडद्यावरची जागा ठरवायची. मूल मोठं होतं तशी बटणं वाढतात. तुम्ही तोंडाने जे बोलता, ते ही मुलं त्या बटणांनी बोलतात. बटण गेलं तर शब्द गेला, इतका साधा हिशेब आहे.

हा प्रोग्राम एका दाढीवाल्याने सुरू केला. सायकल दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्यांचं ऑफिस होतं. एक खिडकी कधी नीट बंद व्हायची नाही, त्यामुळे खालच्या हवा भरायच्या पंपाचा आवाज दिवसभर वर यायचा. दाढीवाला हुशार होता, यात वाद नाही. पण त्याला लिहिता येत नव्हतं. त्याने पहिल्यांदा माझ्यावर जे लिहिलं ते फक्त त्यालाच कळत होतं. मग लोकांचे फोन यायला लागले, आणि फोनला कंटाळून त्याने एका बाईंना आणलं.

बाई आधी कपडे धुण्याच्या यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायच्या. ऑफिसात सगळे त्यांना पाठीमागे 'खडूस' म्हणत. त्यांना ते माहीत होतं आणि आवडतही होतं.

"सोपं आहे हो," दाढीवाला म्हणायचा. "जुनं काढायचं, नवीन टाकायचं."

"काढायचं म्हणजे कुठून? कुठलं बटण?"

"अहो, ते कळतं लोकांना."

"कोणाला कळतं? तुला कळतं. तू जन्माला घातलंयस ते. मला काही येत नाही असं समज आणि सांग."

खडूसबाई एक कोरा टॅबलेट घेऊन बसायच्या आणि माझी प्रत्येक पायरी स्वतःच्या हाताने करून बघायच्या. अडल्या की आतल्या खोलीकडे तोंड करून ओरडायच्या. एकदा त्यांनी खालच्या सायकलवाल्याला वर बोलावलं आणि माझ्यासमोर बसवलं. म्हणाल्या, "मालक, हे वाचा आणि करा. मी एक अक्षर बोलणार नाही." दुसऱ्या पायरीला मालक थांबले. "इथे सेटिंगमध्ये जा म्हणतायत. कुठल्या सेटिंगमध्ये? टॅबलेटच्या की ह्याच्या?" बाईंनी टाळी वाजवली आणि ती ओळ तिथल्या तिथे बदलली. अशी मी तयार झालेली वस्तू आहे, मित्रांनो. माझी एकेक ओळ भांडून आलेली आहे.

माझ्या तिसऱ्या पायरीत त्यांनी लिहिलं: 'जुना प्रोग्राम काढून टाका. घाबरू नका, तुमची बटणं वेगळ्या जागी ठेवलेली आहेत, ती जाणार नाहीत.' तेव्हा ते शंभर टक्के खरं होतं. एका वडिलांनी कळवलं होतं की पहिल्यांदाच कोणाला फोन न करता, कोणाच्या हातापाया न पडता जमलं. बाईंनी ते वाचून दाखवलं आणि नाक शिंकरलं. माझ्या आयुष्यातलं कौतुक एवढंच. पुढचं ऐका.

खडूसबाईंना दुसरीकडे काम मिळालं आणि त्या गेल्या. त्यांच्या जागी कोणी आलं नाही. दाढीवाला म्हणाला, "लिहायला काय, कोणीही लिहील." जे काम कोणीही करणार असतं ते कोणीच करत नाही, हे मला आता सांगायला नको. दर बैठकीच्या शेवटी कोणीतरी विचारायचं, "माहितीपुस्तकाचं काय?" आणि कोणीतरी खुर्ची सरकवत म्हणायचं, "नंतर बघू." वर्षानुवर्षं मी 'नंतर'च्या भरवशावर जगलो.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. मी दोन ठिकाणी राहतो. एक माझा मूळ मजकूर, साधा, रंग ना रूप, ऑफिसच्या संगणकात. दुसरं माझं रूप, जे तुम्हाला पडद्यावर दिसतं. मध्ये एक यंत्रणा आहे. ती मूळ मजकूर वाचते आणि त्यावरून सगळी पानं नव्याने बांधते. याला ते 'बिल्ड' म्हणतात. बिल्ड चालवलं की जुनं रूप फेकलं जातं आणि मूळ मजकुरावरून नवं उभं राहतं. म्हणजे दुरुस्ती करायची ती मूळ मजकुरात. मूळ कागद तसाच ठेवून झेरॉक्सवर पेनाने दुरुस्ती केली, तर पुढच्या झेरॉक्सवर ती येईल का? नाही येणार. हे तुम्हाला कळलं. या लोकांना शिकूनसवरून कळलं नाही.

ऑफिसात नवीन आवृत्त्या काढायचं काम एका मुलाकडे आलं होतं. त्याला सगळे 'आत्ताच' म्हणायचे, कारण काहीही सांगा, तो म्हणायचा, "आत्ताच करतो." आणि खरंच करायचा. मनाने वाईट नव्हता. पण त्याची कामं लवकर व्हायची, पुरी व्हायची नाहीत.

त्या सुमारास प्रोग्राम बदलला. मुलांनी बनवलेली बटणं पूर्वी टॅबलेटमध्ये वेगळ्या जागी राहायची, ती आता प्रोग्रामच्या पोटातच ठेवायचं ठरलं. त्यामुळे प्रोग्राम पटकन उघडायला लागला. सगळे खूश. जिना उतरता उतरता दाढीवाला म्हणाला, "अरे, आता जुना प्रोग्राम काढून टाकला तर बटणंही जातील. पानावर लिहायला पाहिजे."

"आत्ताच टाकतो."

त्याने टाकलं, मित्रांनो. म्हणून तर माझं डोकं जास्त फिरतं. त्याने काही केलंच नसतं तर मी त्याला आळशी म्हणून मोकळा झालो असतो. झालं असं, की त्याच्या संगणकावर बिल्ड चालेना. पडदाभर तांबड्या ओळी यायला लागल्या. ती यंत्रणा जुनी झाली होती, तिची डागडुजी 'नंतर'च्या यादीत होती. मग याने काय करावं? जिथे माझं बांधलेलं रूप ठेवलेलं असतं तिथे तो थेट शिरला आणि माझ्यावरच लिहिलं. 'घाबरू नका' पुसलं. लाल अक्षरात टाकलं: 'थांबा! काढून टाकण्याआधी बटणांची प्रत काढून ठेवा, नाहीतर सगळी बटणं जातील.' माझा फोटो काढून दाढीवाल्याला पाठवला. तिकडून अंगठा आला. काम झालं! मूळ मजकुराला यातलं काहीच माहीत नव्हतं.

काही आठवड्यांनी दाढीवाल्याला दिसलं की दुसऱ्या एका पानावर ऑफिसचा जुना पत्ता आहे. त्याने शहाण्यासारखा तो मूळ मजकुरात बदलला. मग बाह्या सरसावून ती जुनी यंत्रणाही दुरुस्त केली. बिल्ड चालवलं. तांबड्या ओळी गेल्या, सगळं हिरवं झालं. यंत्राने लिहिलं, 'यशस्वी'. दाढीवाला खुर्चीत मागे रेलला आणि स्वतःवर खूश झाला.

आणि मी पुन्हा बांधला गेलो, मूळ मजकुरावरून. लाल ओळ गेली. 'घाबरू नका' परत आलं.

यंत्राला मी दोष देत नाही. त्याला दिलं ते त्याने नीट बांधलं. पण एका माणसाने, अहो एकाच माणसाने मला उघडून वाचलं असतं! नाही. हिरवं दिसलं ना, संपलं. मी तिथे धडधडीत खोटं सांगत उभा, आणि पानाला ओरडता येत नाही.

आता ज्या घरात मी उघडला गेलो तिथलं सांगतो. त्या घरात आठ-नऊ वर्षांची एक मुलगी होती. घरात सगळ्यांवर हुकूम सोडायची म्हणून तिचं नाव पडलं होतं मुकादम. आई चष्म्याच्या दुकानात कामाला, वडील नळाची कामं करणारे, आणि आईचे वडील, म्हणजे अप्पा, त्यांच्याकडेच राहायचे. मुकादमबाईंचा पडदा गच्च भरलेला होता. 'अप्पा, घोरू नका.' 'बाबांचा विनोद संपला का?' 'मला उत्तर येतंय, मला विचारा.' 'माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलू नका.' एक बटण डॉक्टरांकडून आल्यावर बनवलं होतं: 'दुखत नाहीये, भीती वाटतेय.' ही सगळी बटणं तिने आईबरोबर बसून बनवलेली, वर्षानुवर्षं, संध्याकाळी स्वयंपाक गॅसवर असताना.

एक दिवस टॅबलेटवर निरोप आला की नवीन आवृत्ती आली आहे. आता गंमत ऐका. ज्यांनी मला कधी पाहिलंसुद्धा नाही, सरळ 'अपडेट' दाबून मोकळे झाले, त्यांचं काहीही बिघडलं नाही, कारण त्यात जुना प्रोग्राम काढावाच लागत नाही. पण ही आई नीट काम करणारी बाई. ती म्हणाली, "आधी वाचून घेऊ." जेवणाच्या टेबलावर तिने लॅपटॉप उघडला आणि मला समोर घेतलं. एकेका ओळीखाली बोट धरून वाचू लागली. शेजारी मुकादम 'लवकर, लवकर' दाबत होती.

"अगं, कोणाला तरी फोन करून विचार की," अप्पा म्हणाले.

"कशाला? सगळं लिहिलंय इथे, अप्पा. 'घाबरू नका' असंसुद्धा लिहिलंय."

मी बघत होतो. तिसरी पायरी आली. तिने काढून टाकलं.

नवीन प्रोग्राम बसला, उघडला. हो, नाही, पाणी, भूक, दुखतंय, बाथरूम, धन्यवाद. बाकी राखाडी चौकोन. आईने मला पुन्हा वरपासून वाचलं, मग खालपासून वर. मुकादमला आधी वाटलं की आई गंमत करतेय. जिथे जिथे तिची बटणं होती तिथे तिथे ती बोट टेकवत गेली. टॅबलेट गप्प. शेवटी जे होतं त्यातलं तिने दाबलं.

"दुखतंय."

"कुठे दुखतंय, बाळा?"

"दुखतंय. दुखतंय."

आईने ऑफिसला लिहिलं. उत्तर 'आत्ताच'ने दिलं, आणि खरोखर लगेच दिलं. 'ताई, माहितीपुस्तक वाचलंत का? तिसऱ्या पायरीत लाल अक्षरात स्पष्ट सूचना आहे.' आईने कळवलं, लाल काहीच नाही. तो म्हणाला, पान रिफ्रेश करा, तुमच्याकडे जुनं दिसत असेल. तिने केलं. मी होतो तसाच आलो. तो म्हणाला, दुसऱ्या ब्राउझरमध्ये बघा. तिने बघितलं. मी तोच. तिने माझा फोटो काढून पाठवला. त्यावर या गृहस्थाचं उत्तर काय? 'फोटो जुना वाटतो.'

एवढ्या वेळात त्याने स्वतः मला एकदाही उघडलं नाही, मित्रांनो! आपण लिहिलंय हे त्याला आठवत होतं ना, मग बघायचं कशाला?

दुसऱ्या दिवशी आईने सुट्टी टाकली, मुलीला घेतलं आणि ती थेट सायकल दुकानाचा जिना चढून वर आली.

"नमस्कार. जुना फोटो पाठवणारी बाई मीच."

'आत्ताच' गडबडून उठला. त्याने खुर्च्या पुढे केल्या. "ताई, मी दाखवतो ना तुम्हाला. मी स्वतः लिहिलंय." त्याने मला मोठ्या पडद्यावर उघडलं आणि बोट रोखून वाचायला लागला. "हे बघा, तिसरी पायरी. जुना प्रोग्राम काढून टाका. घाबरू..."

तो थांबला.

"वाचा ना," आई म्हणाली. "मोठ्याने वाचा."

त्याने रिफ्रेश केलं. पुन्हा केलं.

"दुसरा ब्राउझर देऊ का?" आईने विचारलं.

"शप्पथ सांगतो, मी लिहिलं होतं!"

आवाज ऐकून आतून दाढीवाला आला. "कुठे लिहिलं होतंस?"

"पानावर."

"पानावर म्हणजे? मूळ मजकुरात ना?"

"नाही... पानावरच. बिल्ड चालत नव्हतं तेव्हा."

दाढीवाल्याने कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, मग ते माझ्या बिल्डने उडवलं!"

"मला काय माहीत तू बिल्ड चालवणार आहेस? आणि फोटो पाठवला होता ना मी? अंगठा कोणी दाखवला?"

"अंगठा मजकुराला दाखवला. तू कुठे लिहिलंयस ते फोटोत दिसतं का?"

आईने टेबलावर हात आपटला. "तुमचं भांडण नंतर करा. हिचे शब्द परत येतात का, तेवढं सांगा."

दाढीवाल्याने टॅबलेट घेतला, वायर जोडली आणि शोधायला बसला. पंपाचा आवाज येत राहिला. मुलगी टॅबलेटकडे बघत नव्हती, त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने वायर काढली तेव्हा तिला कळलं.

"नाही येत," तो म्हणाला.

"नीट बघितलंत?"

"बघितलं. मिटवले गेलेत."

"हिच्या वर्गातल्या एकाच्या घरी काही न वाचता अपडेट दाबलं," आई म्हणाली. "त्याचं सगळं जागच्या जागी आहे. मी वाचलं म्हणून हिचं गेलं. हे मी हिला कसं समजावू?"

दाढीवाला मुलीसमोर उकिडवा बसला. "आमची चूक झाली. माफ करशील?"

"नाही," टॅबलेट म्हणाला.

'आत्ताच' म्हणाला, "मी तुझी सगळी बटणं परत बनवून देतो. आत्ताच."

"नाही."

"मग काय करू सांग."

तिने पडदा वरपासून खालपर्यंत बघितला. तिला जे सांगायचं होतं ते तिथे कुठे होतं? तिने त्याचा हात धरला, त्याचं बोट एका राखाडी चौकोनावर टेकवलं आणि वाट बघत राहिली. त्याला काही कळेना.

"तिला काहीतरी म्हणायचंय," आई म्हणाली. "असंच असतं ते. तुम्ही विचारायचं, ती हो-नाही म्हणणार. सापडेपर्यंत विचारायचं. एकेक बटण असंच झालंय."

तो विचारायला लागला. भूक? नाही. घरी जायचंय? नाही. ऑफिसबद्दल काही? नाही. टॅबलेटबद्दल? हो. राग आलाय? हो. माझा? हो. ह्यांचा? हो. दुपार सरत आली. तो पाणी प्यायला, पुन्हा बसला. मग अडखळत विचारलं, "आईचा?"

मुलीने आईकडे बघितलं नाही. "हो."

पुन्हा प्रश्न, पुन्हा हो-नाही. शेवटी वाक्य सापडलं, पण लिहिण्याआधी त्याने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "लिहा. तिला म्हणायचंय तर लिहा." त्याने लिहिलं. मुलीने दाबलं.

"आई, तू काढलंस."

"हो," आई म्हणाली. "मी काढलं." मग तिने लेकीला मोठ्या पडद्यासमोर उभं केलं आणि माझी तिसरी पायरी तिला वाचून दाखवली. पार 'जाणार नाहीत'पर्यंत वाचली. मुलगी माझ्याकडे बघत राहिली. मला आजपर्यंत असं कोणी बघितलेलं नाही. मग तिने जाऊन आईच्या पोटाला डोकं टेकवलं.

त्यानंतर 'आत्ताच'ने मूळ मजकूर उघडला. 'घाबरू नका' खोडलं, सूचना लिहिली, बिल्ड चालवलं. मला उघडून पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचलं. कोरा टॅबलेट घेऊन एकेक पायरी केली. एक पायरी 'ही काय, सोपीच आहे' म्हणून तो ओलांडायला गेला, तर मुलीने त्याचं मनगट धरलं. त्याने तीही केली.

"आता बरोबर आहे?" त्याने विचारलं.

"हो."

"मग माफ?"

"नाही."

त्या दोघी जिना उतरून गेल्या. मला तिचं 'नाही' आवडलं. माफी पटकन मिळाली की ही माणसं पटकन विसरतात.

मित्रांनो, अशा वेळी माझ्यासारख्याने 'मला जपा, माझी काळजी घ्या' असं म्हणायची पद्धत आहे. मी म्हणणार नाही. मी पान आहे, मला लागत नाही. उद्या तुम्ही मोठे व्हाल, प्रोग्राम बनवाल, यंत्रं बनवाल, औषधं बनवाल, आणि ती कशी वापरायची ते कोणासाठी तरी लिहाल. ज्या दिवशी वस्तू बदलाल त्याच दिवशी तिचं पान बदला. मूळ मजकुरात बदला. मग ते उघडून वाचा, आणि वाचता वाचता स्वतःच्या हाताने करून बघा. एवढंही जमणार नसेल तर सरळ पुसून टाका मला. पान नसलं तर माणूस अडतो, चिडतो, कोणाला तरी फोन करून विचारतो. पान असलं की तो विश्वास ठेवतो.